इंजिन गेले, देखभाल उरली

लालबहादूर शास्त्री मार्गालगतचा भांडुप-नाहूर-मुलुंड हा पट्टा एकेकाळी कारखान्यांच्या भोंग्यांवर जागा होत असे. त्यातील अनेक जमिनींवर आता उत्तुंग गृहसंकुले उभी आहेत आणि त्यांच्या वाहनतळांत हिरव्या क्रमांकपट्टीच्या विजेवरील मोटारी दिसू लागल्या आहेत. संस्थेच्या वार्षिक सभेत पाण्याची टाकी आणि गच्चीची गळती हे सनातन विषय आटोपले की आता एक नवा विषय निघतो : अमुक सभासदाला चार्जिंगची जोडणी द्यावी की देऊ नये? चर्चा तापते, कोणी आगीची भीती घालतो, कोणी विजेच्या बिलाचा हिशेब मागतो आणि विषय बहुधा पुढच्या सभेवर ढकलला जातो. विजेच्या मोटारीची खरी देखभाल नेमकी याच ठिकाणी अडते, हे मात्र त्या गदारोळात कोणाच्या ध्यानी येत नाही.

‘या गाडीला देखभालच नाही’ हे विक्रेत्याचे वाक्य अर्धसत्य आहे. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, स्पार्क प्लग, क्लच, सायलेन्सर या साऱ्यांतून मालकाची सुटका होते, हे निर्विवाद. वेग कमी होताना मोटरच जनित्राचे काम करीत असल्याने ब्रेकची झीजही कमी होते. पण बॅटरीचे वजनच दोन-अडीचशे किलोच्या घरात असते आणि विजेच्या मोटरचा जोर पहिल्या क्षणापासून मिळतो. त्याची किंमत टायर चुकवितात. पावसाळ्यातल्या खड्ड्यांपुढे सस्पेन्शनला पेट्रोल आणि वीज हा भेद ठाऊक नसतो. बॅटरी थंड राखणारे कूलंट आणि ब्रेक फ्लुइड ठरलेल्या मुदतीत बदलावेच लागतात. गणपतीला कुटुंब पंधरा दिवस कोकणात जाऊन येते आणि परतल्यावर गाडीचे दारही उघडत नाही, तेव्हा दोष बहुधा त्या महागड्या बॅटरीचा नसून दिवे, कुलपे आणि संगणक चालविणाऱ्या छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीचा असतो. ती जुन्या गाडीतही होती. फक्त तेव्हा चार शेजारी धक्का मारायला येत.

मोठ्या बॅटरीचे आयुष्य मालकाच्या सवयींवर अवलंबून असते. निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारची बॅटरी रोज काठोकाठ भरणे टाळावे. वीस ते ऐंशी टक्क्यांच्या दरम्यानचा वापर तिला मानवतो. लिथियम-लोह-फॉस्फेट प्रकाराला मात्र अधूनमधून पूर्ण भरणे आवश्यक असते, एरवी उरलेल्या विजेचा तिचा अंदाज चुकू लागतो. म्हणजे एका शेजाऱ्याचा सल्ला दुसऱ्या शेजाऱ्याच्या गाडीला लागू पडेलच असे नाही. आपल्या गाडीत कोणता प्रकार आहे, एवढे तरी पुस्तिकेत वाचण्याचे कष्ट मालकाने घ्यावयास हवेत. लांबच्या प्रवासात जलद चार्जिंग उपयोगाचेच. पण तीच रोजची सवय झाली, तर उष्णतेने बॅटरी लवकर थकते. म्हणून रात्री घरी, संथ गतीने केलेले चार्जिंग हीच या गाडीची सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महत्त्वाची देखभाल होय. आणि गृहसंस्था नाकारते ती नेमकी हीच.

टाटांची नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० मध्ये बाजारात आली, तेव्हा तिची बॅटरी ३०.२ किलोवॉट-तासांची होती आणि १५ अँपिअरच्या साध्या जोडणीवर ती भरावयास जवळजवळ रात्र लागे. घरातला गिझर वीस मिनिटे चालून बंद होतो. इथे तेवढाच भार आठ-नऊ तास अखंड वाहतो. तीस वर्षांपूर्वीच्या इमारतीतील जीर्ण तार आणि सैल पडलेला स्क्रू गिझरची वीस मिनिटे सोसतात, ही रात्र सोसत नाहीत. यावर उपाय अवघड नाही. मीटरच्या खोलीतून पुरेशा जाडीची स्वतंत्र तांब्याची तार, तिला स्वतंत्र एमसीबी, गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारे उपकरण, नीट तपासलेले अर्थिंग आणि वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी, परवानाधारक तंत्रज्ञाकडून पाहणी. मुलुंड-भांडुप भागाला वीज महावितरणची. मंजूर भार वाढविण्यासाठी तिच्याकडे अर्ज करता येतो. परवानगी नाकारल्याने मोटारी विकत घेणे थांबत नाही. पहिल्या मजल्याच्या खिडकीतून लोंबणारी एक्स्टेन्शनची तार तेवढी येते, आणि जी आग टाळावयाची होती तिलाच आमंत्रण मिळते.

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मालकाला घरच्या विद्यमान वीजजोडणीवरून मोटार चार्ज करण्याची मुभा दिली आहे. आदर्श इमारत उपविधींत २०१९ साली झालेल्या सुधारणेने नव्या इमारतींच्या वाहनतळात वीस टक्के वाहनांसाठी ही सोय सुचविली. परंतु जुन्या इमारतींचे काय, आणि एकावर एक मोटारी चढविणाऱ्या यांत्रिक वाहनतळांचे काय? वरच्या पाळण्यातील गाडीपर्यंत तार नेणार कशी? त्याचे उत्तर त्या त्या संस्थेलाच शोधावे लागेल. एक-दोन सामाईक चार्जिंग जागा आणि वापरणाऱ्याकडूनच शुल्क, हा त्यातल्या त्यात शहाणपणाचा मार्ग दिसतो.

मुंबईकराला आणखी एका गोष्टीचे भान ठेवणे भाग आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे उपनगर विसरलेले नाही. बॅटरीच्या पेटीला मिळणाऱ्या आयपी ६७ या मानांकनाचा अर्थ मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकाव, इतकाच आहे. तळघरात दोन रात्री बुडालेली गाडी त्या कसोटीत बसत नाही. अशी गाडी सुरू करून पाहू नये, चार्जिंगला तर मुळीच लावू नये.

आता राहतो तो कारागीर. गल्लीतल्या गॅरेजवाल्याने इंजिनाचा आवाज ऐकून रोग सांगावा, ही विद्या या गाडीपुढे थांबते. बंगळुरूत २००१ साली रस्त्यावर आलेल्या रेवा या मोटारीत शिशाच्या आठ बॅटऱ्या होत्या आणि त्यांत शुद्ध पाणी घालणे ही देखभाल घरचा माणूसही करी. पुढे २०१० मध्ये ती कंपनी महिंद्र समूहाकडे गेली, लिथियम आले आणि झाकणे बंद झाली. नारिंगी आवरणाच्या उच्चदाबाच्या तारांना अप्रशिक्षित हाताने स्पर्शही करू नये, हे योग्यच. परंतु दोषाची नोंद वाचणारी संगणकप्रणालीही केवळ कंपनीच्याच हाती राहिली, तर हमीची वर्षे सरल्यावर ग्राहक कोणाच्या दारी जाणार? ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तेव्हा तिच्या कक्षेत मोटारीही होत्या. बॅटरीचे सेल आजही मोठ्या प्रमाणावर चीनमधून येतात. देशातील सेलनिर्मितीसाठी २०२१ मध्ये १८,१०० कोटी रुपयांची योजना मंजूर झाली, तरी तिची गती मंदच राहिली. सेल परदेशचे आणि दुरुस्तीचे ज्ञान कुलुपात, अशा मोटारीला स्वदेशी म्हणताना जीभ अडखळावी.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत विजेच्या वाहनांचा अभ्यासक्रम आता आला आहे, आणि मुलुंडला अशी शासकीय संस्थाही आहे. तेथे दहावी झालेला मुलगा हे काम शिकू शकेल. पण नाहूरच्या रस्त्यावर पंचवीस वर्षे गॅरेज चालवून संसार उभा केलेल्या, पंचेचाळिशीतल्या कारागिरासाठी संध्याकाळचा सहा महिन्यांचा वर्ग काढला, तर टायर, सस्पेन्शन, ब्रेक, कूलंट आणि १२ व्होल्टची बॅटरी एवढे काम तरी त्याच्या हातून जाणार नाही. गृहसंस्था, मोटार कंपन्या आणि शासन यांपैकी कोणीही हा वर्ग सुरू करू शकते. तूर्त तो गॅरेजवाला हिरव्या पाटीच्या गाड्या दारावरून जाताना पाहतो आहे.