पाऊस, गाडी आणि कागदांची पिशवी



आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो. पावसाळ्यात उगवते पीक आणि लहानसहान जीव पायाखाली तुडवले जाऊ नयेत, म्हणून भगवंतांनी भिक्खूंना तीन महिने एका जागी राहायला सांगितले. आपल्या कष्टकरी माणसांना ही सोय नाही. कामाची पाळी चुकवून चालत नाही आणि मुलांच्या प्रवेशाची धावपळ तर नेमकी भर पावसातच असते. आता पुष्कळ घरांत मोटारसायकल आहे. माणूस रेनकोट घालतो, पण पिशवीचे काय? आज त्याविषयीच चार शब्द.

काही वर्षांपूर्वी पुतणीच्या जात पडताळणीसाठी मी गाडीवर जिल्ह्याच्या गावी निघालो. अनुसूचित जातीच्या पडताळणीला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. आमच्याकडे तो एकच होता : माझ्या वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, दौतीच्या शाईने लिहिलेला. वर्गाच्या दाराशी बसून वडील चौथीपर्यंत शिकले, त्याची तेवढीच खूण. पिशवीवर ‘वॉटरप्रूफ’ असे लिहिले होते, त्यावर मी विसंबलो. तासभर पाऊस लागला. कार्यालयात पिशवी उघडली तर तळाशी पाणी साचलेले. नाव वाचता येत होते, जातीचा रकाना मात्र निळा डाग झाला होता. पुतणी एक शब्द बोलली नाही. तिचे ते गप्प राहणेच मला लागले. गावच्या शाळेचे जुने रजिस्टर शाबूत होते म्हणून नवा उतारा मिळाला, पण त्यात आठ दिवस आणि तीन खाडे गेले.

नंतर मी चूक शोधली. कापडातून पाणी येत नाही, ते शिलाईच्या भोकांतून आणि चेनमधून येते. गाडी वेगात असली की समोरचा पाऊस त्या फटींत रेटला जातो. शिवाय मागचे चाक रस्त्यावरचे पाणी खालून पिशवीवर उडवते. वरून कव्हर घातले तरी पाठीमागच्या बाजूने पाणी शिरते आणि कव्हरातच साचून राहते. म्हणजे बाहेरून कितीही झाकले तरी भरवसा नाही. बंदोबस्त आतून करायला हवा.

तो स्वस्तात होतो. जाड प्लॅस्टिकच्या दोन भोक नसलेल्या पिशव्या घ्या. कागद पुठ्ठ्याच्या फाइलीत ठेवून पहिल्या पिशवीत घाला. हाताने दाबून हवा काढा, तोंडाला पीळ द्या, पीळ उलटा दुमडून रबर लावा. हे पुडके तोंड खाली करून दुसऱ्या पिशवीत घाला आणि तिचेही तोंड तसेच बांधा. मग ते गाडीच्या पिशवीत तळाशी न ठेवता कपड्यांच्या वर ठेवा. डबा त्या पिशवीत नको. पाऊस नसला तरी आमटी सांडतेच. ओला रेनकोटही कागदांशेजारी कोंबू नये.

निघण्यापूर्वी परीक्षा घ्या. कागदांऐवजी कोरडे वर्तमानपत्र तसेच बांधून पिशवीत ठेवा आणि पिशवीवर वरून, बाजूने व खालून बादलीभर पाणी मारा. वर्तमानपत्राचा कोपरा जरी दमट लागला तरी पिशवी बदला.

पिशवी बांधताना ती सायलेन्सरला टेकणार नाही हे पाहा, प्लॅस्टिक वितळते. दोरीचे टोक लोंबकळत ठेवू नका. ते चाकात किंवा चेनमध्ये गेले तर कागद राहिले बाजूला, जिवावर बेतेल. फार महत्त्वाचा कागद असेल तर तो असाच बांधून पाठीवरच्या सॅकमध्ये ठेवावा आणि वरून ऐसपैस रेनकोट घालावा. घरी आल्यावर पुडके लगेच सोडावे. बंद प्लॅस्टिकमध्ये दमट कागद राहिला की बुरशी धरते.

इतके करूनही कागद भिजलाच तर घाबरून इस्त्री फिरवू नका, उन्हातही टाकू नका. चिकटलेले कागद ओढून सोडवू नका. कोऱ्या कागदांमध्ये ठेवून हलक्या हाताने पाणी टिपा, कोरे कागद बदलत राहा आणि पंख्याखाली सावकाश वाळू द्या. घासले की शाई पसरते.

आणखी एक. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आता डिजिलॉकरमध्ये मिळतात, मुलांकडून ते करून घ्या. पण आजोबांचा दाखला तिथे नसतो. त्याचा फोटो काढून घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा, दोन-चार झेरॉक्स काढा आणि अस्सल कागद मागितला असेल तेव्हाच बाहेर न्या. जुन्या कागदाला लॅमिनेशन करण्याचा मोह टाळा. ते एकदा चिकटले की कागद न फाटता निघत नाही.

कोणी म्हणेल, पिशवीसारख्या क्षुल्लक गोष्टीचे एवढे काय? अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या सवलती मिळायला १९९० साल उजाडावे लागले. त्यासाठी कितीतरी लोकांनी मोर्चे काढले, निवेदने दिली. तो हक्क आपल्या लेकरापर्यंत पोहोचतो तो शेवटी एका कागदावरूनच. बाबासाहेबांनी आपल्याला शिकायला सांगितले. शिकल्याचा कागद जपणे हे त्यातलेच काम आहे.

माझ्या वडिलांचा तो डागाळलेला दाखला मी अजून जपून ठेवला आहे. पुतणी आता नोकरीला आहे. पावसाळा आला की ती मला फोन करून विचारते, “काका, पिशवी तपासली का?”