तुपाऐवजी ऑलिव्ह, पण दुधाऐवजी काय?

हेब्बाळच्या उड्डाणपुलावरून रोज सकाळी मान्यता टेक पार्ककडे नोकरीला जाणाऱ्या तरुण मंडळींत मराठी घरांतली मुलेमुलीही असतात. समजा, अशाच एका मूळच्या सोलापूरच्या घरात मुलीने एके दिवशी जाहीर केले, ''आजपासून मी दूध, दही, तूप, काहीच खाणार नाही. मी व्हेगन झालेय.'' आईला वाटले, वजन कमी करण्याचे हे नवे खूळ असेल. पण मुलीचे म्हणणे वेगळेच होते. गाईचे दूध वासराच्या वाट्याचे, ते आपण का घ्यावे? आजीने कपाळाला हात लावला. ''अगं, मग वरणभातावर काय घेशील? पाणी?''

दुसऱ्या दिवशी आई ऑलिव्ह तेलाची हिरवी बाटली घेऊन आली. वडिलांनी आधी किंमत वाचली आणि मग बाटली पुन्हा एकदा उलटीसुलटी करून पाहिली. तरी वरणभातावर धार पडली, मुलगी जेवली आणि प्रश्न सुटला असे घरातल्या सर्वांना वाटले.

हा प्रश्न आपल्याकडे फार पूर्वी एका मोठ्या माणसालाही पडला होता. 1912 मध्ये दक्षिण आफ्रिकेत, जोहान्सबर्गजवळच्या टॉलस्टॉय फार्मवर गांधीजी आणि त्यांचे मित्र हर्मन कॅलनबाख यांनी दूध सोडले. त्यांच्या रोजच्या जेवणात काय असे, ते गांधीजींनी आत्मकथेत नोंदवून ठेवले आहे. कच्चे शेंगदाणे, केळी, खजूर, लिंबे आणि चक्क ऑलिव्हचे तेल! तेव्हा ऑलिव्ह तेल ही आजच्या शहरी दुकानांतून आलेली फॅशन आहे, असे म्हणणाऱ्यांनी जरा थांबावे.

पण गोष्ट तेवढ्यावर संपत नाही. 1918 मध्ये खेडा जिल्ह्यात गांधीजींना आमांशाने गाठले आणि दुखणे महिनोन्महिने रेंगाळले. हवापालटासाठी त्यांना माथेरानला नेले, पण तिथले जड पाणी त्यांना मानवले नाही. पुढे मुंबईत डॉक्टर दलाल यांनी दूध घेतल्याशिवाय शरीर भरून येणार नाही असे स्पष्ट सांगितले. गांधीजी व्रतावर अडून बसले. तेव्हा जवळच उभ्या असलेल्या कस्तुरबांनी वाट काढली. व्रत घेताना मनात गाय आणि म्हैस होती, मग शेळीच्या दुधाला काय हरकत? गांधीजींनी शेळीचे दूध घेतले, पण व्रताचे शब्द पाळले आणि आशय सोडला, ही खंत त्यांनी आयुष्यभर बाळगली. घरातल्या बाईचे व्यवहारज्ञान इथे कामी आले, हे मात्र मान्य करायला हवे.

त्यांचे ते आजारपण तेलामुळे किंवा दूध सोडल्यामुळे आले असे नव्हे. पण दुधाची जागा भरून काढील असा वनस्पतिजन्य पदार्थ ते अखेरपर्यंत शोधत राहिले. या कोड्याचा एक मोठा तुकडा म्हणजे ब जीवनसत्त्वांपैकी ब-12. ते प्रथम शुद्ध स्वरूपात वेगळे केले गेले 1948 मध्ये, म्हणजे गांधीजी गेले त्याच वर्षी.

आता त्या हिरव्या बाटलीकडे वळू. ऑलिव्ह तेलातील स्निग्धांशात साधारण सत्तर टक्क्यांच्या आसपास ओलेइक आम्ल असते. तुपातल्या संपृक्त मेदाच्या जागी असा मेद आला तर रक्तातील घातक कोलेस्टेरॉल कमी व्हायला मदत होते. शिवाय थोडे ई जीवनसत्त्व मिळते. इथपर्यंत आईची निवड उत्तमच. पण त्यात प्रथिने नाहीत, कॅल्शियम नावापुरतेही नाही आणि ब-12 तर अजिबात नाही. एका मोठ्या चमच्यात सव्वाशेच्या आसपास उष्मांक असतात, म्हणजे कोणत्याही तेलात असतात तितकेच. बाटलीवर 'लाइट' लिहिलेले असले तरी हलकेपणा रंगाचा आणि चवीचा असतो, उष्मांकांचा नव्हे. 'कोलेस्टेरॉलमुक्त' या शब्दालाही भुलू नये. कोणत्याही वनस्पती तेलाबाबत हे म्हणता येते, अगदी आपल्या घाण्याच्या शेंगतेलाबाबतही.

'एक्स्ट्रा व्हर्जिन' म्हणजे फळे दाबून, रसायनांशिवाय काढलेले तेल. ते वरणावर, कोशिंबिरीवर कच्चे घेण्यात मजा आहे. साध्या फोडणीलाही ते चालते, पण मोहरी तडतडेपर्यंत त्याचा खास वास उडून जातो आणि पैसे त्या वासाचेच मोजलेले असतात. 'पोमेस' हे उरलेल्या चोथ्यातून विद्रावकाने काढून शुद्ध केलेले तेल. तळणासाठी ठीक, पण एक्स्ट्रा व्हर्जिनचे गुण त्यात शोधू नयेत. बाटली खिडकीत किंवा शेगडीशेजारी ठेवली तर तेल लवकर खवट होते. राजस्थान सरकारने इस्रायलच्या मदतीने ऑलिव्हची लागवड केली आहे, तरी आपल्या दुकानांतले बहुतेक ऑलिव्ह तेल परदेशातूनच येते. ज्यांना ते परवडत नाही त्यांनी मन खट्टू करून घेण्याचे कारण नाही. शेंगदाणा तेलातही जवळजवळ निम्मे ओलेइक आम्ल असते. आणि ओमेगा-3 म्हणाल, तर त्या बाबतीत आपल्या जवसापुढे ऑलिव्हची गणतीच नाही. रोज दोन चमचे जवसाची चटणी त्या मुलीच्या ताटात पडली तर आजीचा जीवही शांत होईल.

कॅल्शियमचे उत्तर तर हेब्बाळकरांच्या दारातच आहे. इथले प्रायोगिक शेत 1899 सालचे. 1964 मध्ये बंगळूरचे कृषी विद्यापीठ स्थापन झाले. बळ्ळारी रस्त्यावरच्या त्याच्या जीकेव्हीके आवारात आजही नाचणी आणि इतर भरडधान्यांवर संशोधन चालते. याच विद्यापीठाचे शास्त्रज्ञ लक्ष्मणय्या यांनी भारतीय आणि आफ्रिकी नाचणीचा संकर करून 'इंडाफ' वाण दिले. लोक त्यांना 'रागी लक्ष्मणय्या' म्हणू लागले. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. प्रौढ माणसाची रोजची गरज हजार मिलिग्रॅमची, म्हणजे तिसरा हिस्सा एका धान्यातूनच मिळाला. शेजारच्या कन्नड वहिनींकडून मुद्दे करायला शिकावे किंवा सरळ भाकरी थापावी. सोबत न सडलेले तीळ, राजगिऱ्याची पालेभाजी आणि कॅल्शियम घालून केलेले सोयाबीनचे दूध असले की दुधाची उणीव बरीच भरून निघते. प्रथिनांसाठी डाळी, उसळी, सोयाबीन आहेतच.

उरते ते ब-12, आणि इथे मात्र घरगुती युक्ती चालत नाही. डाळी, भाज्या, फळे, तेल, यांपैकी कशातच ते भरवशाने मिळत नाही. गरज किती? दिवसाला जेमतेम दोन-अडीच मायक्रोग्रॅम. पण यकृतात त्याचा साठा असतो, म्हणून दूध सोडल्यावर वर्ष-दोन वर्षे काहीच जाणवत नाही आणि माणूस निर्धास्त राहतो. मग हातापायांना मुंग्या, थकवा, विसरभोळेपणा सुरू होतो. फार उशीर झाला तर मज्जातंतूंचे नुकसान पूर्ण भरूनही येत नाही. म्हणून व्हेगन आहार घेणाऱ्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने ब-12 ची गोळी नियमित घ्यावी आणि अधूनमधून रक्त तपासून घ्यावे. सूक्ष्मजीवांपासून बनवलेली ही गोळी मुलीच्या तत्त्वालाही बाधत नाही. फक्त गोळीच्या आवरणात जिलेटिन नाही ना, एवढे पाहावे. घरात गरोदर किंवा अंगावर पाजणारी बाई व्हेगन असेल, तर याबाबत एक दिवसही हयगय नको. तिचे बाळ तिच्याच साठ्यावर वाढत असते.

बिस्किटे, ब्रेड, तयार मसाले यांत दुधाची भुकटी लपलेली असू शकते. ते टाळायचे तर वेष्टन वाचण्याची सवय लावावी लागेल. 2022 च्या नियमांनुसार व्हेगन पदार्थांसाठी हिरव्या 'व्ही' अक्षराचे स्वतंत्र चिन्हही ठरलेले आहे.

एवढे सगळे ऐकून घेतल्यावर आजी खरी अडचण विचारतेच, ''ते सगळं ठीक आहे गं, पण चहाचं काय?'' सोयाबीनचे दूध उकळत्या चहात ओतले की पुष्कळदा फाटते. कपात आधी थोडे कोमट दूध घ्यावे आणि वरून चहा हळूहळू ओतावा. नाहीतर लिंबू पिळून कोरा चहा प्यावा, मात्र जेवणाला लागून नको, तासाभराने. चहामुळे डाळी-पालेभाज्यांतले लोह अंगी लागत नाही. त्यापेक्षा ते लिंबू जेवतानाच वरणभातावर पिळावे, ऑलिव्ह तेलाच्या धारेबरोबर.