मोडलेली शिडी

ज्या शिडीने मनुष्य वर चढतो ती त्याने आपल्या हाताने मोडावी, अशी अपेक्षा व्यवहारात कोणी करीत नाही. अमेरिकेचे एकविसावे अध्यक्ष चेस्टर अ‍ॅलन आर्थर यांनी नेमके तेच केले. म्हणूनच त्यांचे विस्मृतीत गेलेले चरित्र आम्हांस मननीय वाटते.

आर्थर यांचा जन्म १८२९ साली एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. कृष्णवर्णीय म्हणून ट्रामगाडीतून ढकलून दिलेल्या एलिझाबेथ जेनिंग्ज या शिक्षिकेचा दावा या तरुण वकिलाने १८५५ मध्ये जिंकला होता. पुढे मात्र राजकारणाने त्यांना आपल्या मुशीत ओतले. १८७१ मध्ये ते न्यूयॉर्क बंदराच्या जकात खात्याचे प्रमुख झाले. सुमारे हजार नोकरांचे ते खाते म्हणजे सिनेटर रॉस्को काँकलिंग यांच्या गटाचे जणू कोठार होते. नोकरी मिळे ती वशिल्याने, आणि ती टिकविण्यासाठी पगारातून पक्षाला वर्गणी द्यावी लागे. १८७८ मध्ये अध्यक्ष हेज यांनी आर्थर यांना त्या जागेवरून दूर केले. तरीही १८८० मध्ये, नाराज गटाची समजूत काढण्यासाठी, त्यांना उपाध्यक्षपदाची उमेदवारी मिळाली.

२ जुलै १८८१ रोजी सरकारी हुद्दा न मिळाल्याने बिथरलेल्या गिटो नावाच्या माणसाने अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या, आणि आपण आर्थर यांच्याच गटाचे आहोत असे वर सांगितले. १९ सप्टेंबरला गारफील्ड वारले. तत्पूर्वीच ज्युलिया सँड नामक एका आजारी, अपरिचित स्त्रीने आर्थर यांना पत्र लिहून लोकांना त्यांची किती धास्ती वाटते हे रोखठोक कळविले होते, आणि आता तरी सुधारा असे बजावले होते. आर्थर रागावले नाहीत; १८८२ मध्ये ते तिच्या घरी गेले. पुढे त्यांनी आपली बहुतेक कागदपत्रे जाळून टाकविली, पण तिची पत्रे मात्र मागे राहिली.

१६ जानेवारी १८८३ रोजी त्यांनी पेंडलटन कायद्यावर सही केली. परीक्षेने नेमणूक, पक्षवर्गणीच्या सक्तीला बंदी आणि राजकीय कारणावरून बडतर्फीस मज्जाव, हे त्याचे सार. आर्थर यांना संत ठरविण्याचा आमचा हेतू नाही. १८८२ च्या निवडणुकीतील पक्षाच्या पराभवाचा धाकही त्या सहीमागे होता. त्याच वर्षी चिनी मजुरांना दहा वर्षे देशबंदी करणाऱ्या अन्यायी कायद्यावरही त्यांनी सही केली होती. पेंडलटन कायदाही आरंभी जेमतेम दहा टक्के जागांना लागू झाला. १८८४ मध्ये पक्षाने त्यांना पुन्हा उमेदवारी दिली नाही. १८८६ मध्ये ते निवर्तले.

तथापि, सत्ताधाऱ्याचे हृदयपरिवर्तन हा योगायोग असतो, आणि योगायोगावर राज्य चालत नाही. ते परिवर्तन कायद्यात उतरले तरच माणसामागे उरते. आर्थर यांचे थोरपण, आमच्या मते, ते सुधारले यात नसून पुढच्यांना बिघडणे अवघड करून गेले यात आहे. मंत्र्यांच्या दारी शिफारसपत्रासाठी ताटकळणारे पदवीधर आपल्याकडेही कोणास अपरिचित नाहीत. शिडी कोण मोडणार, हा प्रश्न त्यांचाही आहे. आणि रोखठोक पत्र लिहिण्याचे कर्तव्य तुमचे-आमचे आहे.