गिअरची सायकल घेतली, पण हँगर सरळ कोण करणार?

सालेकसा-दरेकसा पट्ट्यात गेल्या काही वर्षांत गिअरच्या सायकली दिसायला लागल्या. लॉकडाऊनमध्ये वेड वाढलं, मग पोरांनी बापाच्या मागे लागून, धानाचे पैसे आले की सायकल, असं करून घेतल्या. पावसाळ्यात हाजरा फॉलला आणि माघ पौर्णिमेला कचारगडच्या जत्रेला सायकलवर येणारी पोरंही असतात. आता जरा घराघरांच्या पडवीत नजर टाका. टायर चांगलं, ब्रेक चांगला, फ्रेमला साधा ओरखडा नाही, तरी सायकल भिंतीला टेकलेली. विचारलं की उत्तर ठरलेलं: "गिअर खराब झाला, भाऊ."

माझं म्हणणं असं की यातल्या बऱ्याच सायकलींचा गिअर खराब झालेलाच नाही. वाकलाय तो हँगर.

हँगर म्हणजे काय, तर मागच्या चाकाजवळ, चेनच्या बाजूला, फ्रेमला लागलेला अंगठ्याएवढा धातूचा तुकडा. चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा जो डिरेलर असतो, तो या तुकड्यावर लटकतो. बऱ्याच ॲल्युमिनियमच्या सायकलींत हा तुकडा वेगळा, स्क्रूने बसवलेला आणि मुद्दाम मऊ ठेवलेला असतो. सायकल पडली तर त्याने वाकावं किंवा तुटावं, फ्रेम वाचावी. घरातल्या वायरिंगमधला फ्यूज समजा. फ्यूज उडाला म्हणून कोणी घर विकत नाही. आपण मात्र सायकल पडवीत लावून मोकळे होतो.

वाकायला मोठा अपघातही लागत नाही. शाळेच्या स्टँडवर शेजारची सायकल अंगावर पडली, पिकअपमध्ये चेनची बाजू खाली करून आडवी टाकली, की झालं. डोळ्याला दिसणारही नाही एवढा वाकतो. पण डिरेलर तिरका झाला की वरच्या गिअरला सेटिंग जमवलं तर खालचं बिघडतं, खालचं जमवलं तर वरचं. मेकॅनिक स्क्रू पिळत बसतो, गिऱ्हाईक वैतागतं, आणि शेवटी "पूर्ण सेट बदलावा लागेल" हा निकाल लागतो. म्हणजे काही शे रुपयांच्या तुकड्यापायी हजारांचा खर्च.

पैशापेक्षा वाईट गोष्ट वेगळी आहे. हँगर आत वाकलेला असेल आणि चढावर सगळ्यात मोठ्या चकतीवर चेन घेतली, तर डिरेलर फिरत्या चाकाच्या तारांत घुसू शकतो. मग चाक जागेवर जाम. दरेकसाच्या बाजूला रस्ता कसा आहे हे इथल्यांना सांगायला नको. त्या गिअरवर मागून टिक-टिक आवाज येत असेल तर तो गिअर वापरणं त्याच क्षणी बंद करा. हे पोरांना आजच सांगा, बाकीची पोस्ट नंतर वाचली तरी चालेल.

आता, हे घरी होतं का? होतं. घाई केली नाही तर नक्की होतं.

आधी सायकलच्या मागे उभे राहून बघा. डिरेलरची दोन छोटी चाकं आणि वरची चकती एका उभ्या रेषेत दिसली पाहिजेत. खालचं चाक आत, तारांकडे झुकलेलं दिसलं, तर रोग सापडला. मागचं चाक खाचेत सरळ बसलंय ना, तेही बघा. चाकच तिरकं असेल तर पुढचं सगळं माप चुकतं.

मग ५ मिलिमीटरच्या ॲलन कीने डिरेलर हँगरवरून सोडवा. चेन तोडू नका, केबल काढू नका, डिरेलर सुतळीने बाजूला बांधून ठेवा. शहरातल्या दुकानात या कामाला खास गेज असतं. हँगरच्या भोकात पिळून बसवायचा एक लांब दांडा आणि त्याच्या टोकाला सरकणारी सुई. आपल्याकडे ते नाही, म्हणून जुनी युक्ती: दुसरं एक चाक. हँगरच्या भोकातले आटे १० मिलिमीटरचे, १ मिलिमीटर पिचचे असतात आणि गिअरच्या सायकलींच्या बऱ्याच मागच्या चाकांचा एक्सल याच मापाचा असतो. मित्राचं असं चाक घ्या, एका बाजूचा नट काढा आणि एक्सल हाताने हँगरमध्ये पाच-सहा आटे बसवा. आजोबांच्या काळ्या सायकलचं चाक मात्र घेऊ नका. तो एक्सल इंचाच्या मापाचा, थोडा बारीक असतो, ढिला बसतो आणि जोर दिला की आटे मारतो.

आता दोन चाकं शेजारी-शेजारी उभी आहेत. हँगर सरळ असेल तर ती समांतर दिसतील. टेपने वर, खाली, पुढे, मागे अशा चार ठिकाणी दोन रिममधलं अंतर मोजा. रिम थोडी वेडीवाकडी असतेच, म्हणून सायकलच्या चाकाचा व्हॉल्व्ह दर वेळी मोजायच्या जागेवर फिरवून आणा आणि दुसऱ्या चाकावर एक खूण करून तीही तिथेच आणा. एकाच जागेचं माप एकाच जागेशी लावायचं, एवढंच. चारही अंतरांत तीन-चार मिलिमीटरच्या आत फरक असेल तर सात गिअरच्या सायकलला पुरे आहे. जास्त असेल तर त्या दुसऱ्या चाकालाच धरून हळूच दाबा, पुन्हा मोजा. लागतं त्यापेक्षा कमीच दाबायचं. पुढे-मागे वाकवण्याचा खेळ केला की ॲल्युमिनियमला तडा जातो. हातोडी तर नकोच. तडा दिसला किंवा आटे गेले असतील तर सरळ करण्याच्या भानगडीत न पडता नवीन हँगर लावा. फ्रेम कार्बनची असेल तर हँगर फ्रेमवर असताना वाकवायचा नाही. अर्थात तसल्या सायकली आपल्याकडे कोणाकडे आहेत म्हणा!

स्वस्त गिअरच्या सायकलींत अनेकदा वेगळा हँगर नसतो. मागच्या एक्सलच्या नटाखाली एक लोखंडी पट्टी असते, तिच्यावर डिरेलर लटकतो. ही तर आणखी सोपी. पट्टी काढा, पाइप फिटरच्या किंवा वेल्डिंगच्या दुकानात शिकंज्यात धरून सपाट करा, परत लावा. लोखंड आहे, माफ करतं.

शेवटी डिरेलर बसवून 'एल' लिहिलेला स्क्रू असा लावा की मोठ्या चकतीच्या पलीकडे चेन जाणार नाही. चाक हाताने फिरवून सगळे गिअर बघितल्याशिवाय रस्त्यावर जायचं नाही.

एवढं सगळं पोरांनी घरी करावं का, असा प्रश्न येईल. करावं, पण ते त्यांच्यावर सोडून बाकीच्यांनी हात झटकावेत हे मला मान्य नाही. पंचर काढणारा आपला मिस्त्री हुशार आहे, चाक आउट असेल तर बोटाच्या अंदाजाने सरळ करतो. त्याला हँगर कोणी दाखवलाच नाही. काही हजारांत येणारं एक गेज आणि दोन दिवसांचं शिक्षण, एवढ्यावर तालुक्याचं काम भागेल. जिल्ह्यातल्या आयटीआयने असा छोटा वर्ग घ्यायला काय हरकत आहे?

दुसरी गोष्ट सरकारची. डिसेंबर २०२४ पासून केंद्राचा 'संडेज ऑन सायकल' कार्यक्रम चालू आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. दोन्ही चांगलं, पण हे सगळं सायकल विकण्यापुरतं आणि फोटोपुरतं. दुरुस्तीचा हक्क म्हणून केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये पोर्टल काढलं, त्यात शेतीची अवजारं, मोबाईल, घरगुती उपकरणं आणि वाहन उद्योग अशी चार क्षेत्रं घेतली. त्या यादीत सायकल नाही. गावातल्या शाळकरी पोराचं वाहन तर तेच आहे!

हँगरची खरी अडचण त्याच्या आकाराची आहे. शेकडो आकार आहेत, एकाच कंपनीच्या दोन मॉडेलचा हँगर एकमेकांना लागत नाही. अमेरिकेतल्या स्राम कंपनीने २०१९ मध्ये सगळ्यांना चालेल असा एकच हँगर काढला आणि फ्रेम बनवणाऱ्यांना तो वापरायला मोकळा केला. पण तो बहुतेक महागड्या सायकलींपुरता राहिला, आपल्या दुकानातल्या सायकलपर्यंत पोचला नाही. सायकलच्या रिफ्लेक्टरसाठी केंद्राने २०२० मध्ये गुणवत्ता आदेश काढला होता. रिफ्लेक्टरपर्यंत खाली उतरता येतं, तर भारतात विकणाऱ्या सायकलींना दोन-तीनच मापांचे हँगर ठेवा, हे सांगायला काय अडचण आहे? निदान प्रत्येक गिअरच्या सायकलसोबत एक जादा हँगर पिशवीत बांधून द्या. कंपनीला तो किती पडणार?

"आपल्याला गिअर हवेतच कशाला" असंही काही जण म्हणतात. मानव विकास कार्यक्रमात शाळकरी मुलींना मिळतात त्या सायकली बिनगिअरच्याच असतात आणि दुरुस्तीच्या दृष्टीने ते बरंच आहे. पण चढावर दप्तर घेऊन उतरून ढकलत जाणाऱ्या मुलीला विचारा, मग बोला.

तोपर्यंत दुकानदाराशी बोलायचं काम आपलं. नवी सायकल घेताना पैसे मोजण्याआधी विचारा: याचा हँगर कोणता, सुटा मिळतो का? मॉडेलचं नाव आणि साल बिलावर लिहून घ्या, तेव्हाच एक हँगर मागवून घ्या आणि सीटखाली टेपने चिकटवून ठेवा. आणि पिकअपमध्ये सायकल टाकताना चेनची बाजू वर.