पट्टी घ्या, पण पाणी मोजून द्या

निळवंडे धरणाची कल्पना १९७० सालची. त्याच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण झाले ऑक्टोबर २०२३ मध्ये. खर्च तोवर सुमारे ५,१७७ कोटी रुपयांवर पोचला होता. तो फेडावयाचा कोणी? संगमनेर-राहात्याच्या जिरायती शेतकऱ्याने अर्ध्या शतकाच्या प्रतीक्षेतून आपला हिस्सा केव्हाच भरला आहे.

२००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यानुसार पाणीपट्टीतून वसूल करावयाचा तो व्यवस्थापनाचा व देखभालीचा खर्च, धरणबांधणीचा नव्हे. हे तत्त्व न्याय्य आहे. धरण ही समाजाची मत्ता. तिची निगा ही वापरणाऱ्याची जबाबदारी. पट्टीच नको, ही घोषणा म्हणूनच समाजवादी नव्हे. फुकट पाण्याचा मोठा वाटा नेहमी बड्या बागाइतदारानेच उचलला आहे.

परंतु पट्टी एकरावर आणि पाणी मर्जीवर, ही रीत राहिली तर कालव्याच्या मुखाशी ऊस पोसला जाईल आणि चारीच्या शेवटच्या टोकाला केवळ वसुलीची नोटीस पोचेल. पाणीवापर संस्थांना घनमापाने पाणी देण्याची तरतूद २००५ च्याच दुसऱ्या कायद्यात आहे. कार्यकर्त्यांनी गावोगाव या संस्था उभारून मोजमापाचा आग्रह धरला पाहिजे. न मिळालेल्या पाण्याची पट्टी ही वसुली नव्हे, लूट आहे.