करवत कुणाच्या हाती?

बचत गटाने धंदा काढायचा म्हटला की पापड, लोणची, मसाले हीच यादी पुढे येते. पावसाळ्याआधी शहरात झाडांच्या फांद्या छाटण्याचे काम निघते, ते आपण का घेऊ नये, असे विचारले की उत्तर तयार असते : 'बायकांनी झाडावर चढायचे?' 1974 साली रेणी गावात गौरादेवी आणि तिच्या सोबतिणींनी जंगल वाचवले, त्याचे गोडवे सगळेच गातात. झाडासाठी फुकट जीव धोक्यात घालणारी बाई पूज्य. झाडाची निगा राखून मजुरी मागणारी मात्र आगाऊ!

चढणे हा पुरुषी गुण नव्हे, ते कसब आहे. केरळात नारळ विकास मंडळाने 2011 पासून यंत्राच्या साह्याने माडावर चढायचे प्रशिक्षण दिले. ते बायकांनीही घेतले.

धोका खरा आहे. विजेच्या तारा आहेत, फांदी निसटते, माणूस पडतो. म्हणून दोर, कंबरपट्टा, हेल्मेट, करवत आणि विमा यांचा खर्च आधी मांडा. 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्याखालची परवानगी पाहिल्याशिवाय शहरातल्या झाडाला हात लावू नका.

मैत्रिणींनो, प्रशिक्षण आणि विम्याशिवाय हा धंदा सुरू करू नका. पण ते मिळत नाही म्हणून गप्पही बसू नका, नगरपालिकेकडे मागा. छाटलेल्या फांद्या वाहायला बाई चालते, तर छाटायला का चालू नये?