पहाट ‘मोडते’ म्हणजे काय?

घरात मूल इंग्रजी गाणे गुणगुणू लागले की आई-वडिलांच्या मनात दोन गोष्टी येतात. एक, चला, इंग्रजी सुधारते आहे. दुसरी, पण हे म्हणतेय तरी काय? पहिल्या गोष्टीचा आनंद होतो आणि दुसरी आपण विचारायची टाळतो. आपल्यालाच इंग्रजी येत नाही, हे मुलाला कळेल अशी भीती असते.

आमच्या घरी सातवीतल्या मुलीच्या तोंडी ‘मॉर्निंग हॅज ब्रोकन’ हे गाणे होते. एलेनॉर फार्जन यांची ही मूळ ख्रिस्ती प्रार्थना 1931 साली प्रसिद्ध झाली. 1971 मध्ये कॅट स्टीव्हन्स या लंडनच्या गायकाने ती गायली आणि जगभर पोहोचवली. याच गायकाने पुढे 1977 साली इस्लाम स्वीकारला. तेच आजचे युसूफ इस्लाम.

आम्ही मुलीला गाण्याच्या नावाचा अर्थ विचारला. ती म्हणाली, “सकाळ मोडली.” सगळे हसले. तेवढ्यात तिची दादी म्हणाली, “अगं, पौ फटी म्हणतात ना, तेच असेल हे!”

दादींचे बरोबर होते. ‘ब्रेक’ म्हणजे फक्त मोडणे नव्हे. अंधार चिरून उजेड बाहेर येतो, तेही ‘ब्रेक’. उर्दूत पौ फटते, मराठीत तांबडे फुटते. आणि आपण रोज ज्या नमाजचे नाव घेतो त्या ‘फज्र’ शब्दाच्या अरबी धातूचा अर्थही फोडणे, फुटून बाहेर येणे असाच आहे. चार भाषांनी पहाट एकाच नजरेने पाहिली! मुलगी तो शब्द आता विसरणार नाही. आणि तो तिला इंग्रजी न शिकलेल्या दादीने शिकवला.

आमचे सांगणे एवढेच आहे : गाणे शब्द कानात बसवते, अर्थ मात्र घराने बसवावा लागतो. अर्थाविना पाठ झालेली ओळ परीक्षेतही उपयोगी नाही आणि आयुष्यातही नाही. शिवाय अर्थ विचारला की मूल काय ऐकते हेही कळते. हेडफोन हिसकावून ते कधीच कळत नाही.

कोणते गाणे घ्यावे? संगीताबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत. ज्या घरात वाद्ये ऐकत नाहीत, तिथे नशीद आहेत. युसूफ इस्लाम यांनी आपल्या लहान मुलीसाठी ‘ए इज फॉर अल्लाह’ रचले. दक्षिण आफ्रिकेचे झैन भिखा आणि स्वीडनचे माहेर झैन यांची इंग्रजी नशीदही सोपी आणि स्पष्ट आहेत.

पद्धत साधी ठेवा. आठवड्याला एकच गाणे. पहिल्यांदा फक्त ऐका. दुसऱ्यांदा मुलाने न कळलेले पाच शब्द वहीत लिहावेत. शब्दकोशात पाहण्याआधी घरात विचारावे : आपल्या भाषेत याला काय म्हणतात? मग प्रत्येक शब्दाचे घरातल्या गोष्टीवर एक वाक्य करावे. वर्षाच्या 52 आठवड्यांत 260 शब्द होतात.

एक सावधगिरी मात्र बाळगा. गाण्यातली भाषा व्याकरणाला सूट देते. तिथे ‘गोइंग टू’चे ‘गॉना’ होते, ‘वाँट टू’चे ‘वॉना’ होते. हे ऐकून समजावे, पण उत्तरपत्रिकेत लिहू नये.

भगिनींनो, इंग्रजी येत नाही म्हणून या वहीपासून दूर बसू नका. मुलाला शब्द ठाऊक असेल, पण त्याचा अर्थ कदाचित तुमच्याच बोलण्यात दडलेला असेल. अल्लाह आपल्या मुलांचे आणि आपलेही इल्म वाढवो. आमीन.